तळटीप : उम्कालोआबो
उम्कालोआबो : पेलार्गोनियम सिडॉइडीस या झुडपाच्या मुळांचे औषध. दक्षिण आफ्रिका व लेसोथो येथील वैदू ते खोकला, छातीचे विकार आणि जुलाब यांवर देत आले आहेत. चार्ल्स स्टीव्हन्स हा इंग्लिश तरुण क्षय झाल्यामुळे १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला, एका वैदूच्या काढ्याने आपण बरे झालो असे सांगत परतला आणि तेच औषध क्षयावर म्हणून विकू लागला. हा दावा कधीच सिद्ध झालेला नाही. त्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. जर्मनीत आज या मुळांचा अर्क तीव्र ब्राँकायटिससाठी मिळतो. त्याने लक्षणे थोडी लवकर ओसरत असावीत, मात्र पुरावा कच्चा आहे. पोटाच्या तक्रारी, पुरळ, क्वचित नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे, काही रुग्णांत यकृताला इजा, अशा नोंदी आहेत. यकृताचा वा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कोणत्याही मुळीच्या मागे न लागता थुंकी तपासून घ्यावी. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते. – संपादक