चेक परत आला, त्यानंतरचे 360 तास

सकाळी 10. कंधारच्या बाजारात खत-बियाण्याचा दुकानदार खरिपाच्या उधारीचा चेक बँकेत टाकतो. सही जूनमधली, पान तेव्हा कोरं. रक्कम आणि तारीख दुकानदारानं दिवाळीनंतर भरली. शेतकऱ्याच्या हिशेबी तो चेक 'नुसता तारण' होता. हा कुणा एकाचा किस्सा नाही. हंगाम संपला की कुणावरही येऊ शकणारी वेळ इथं तासांत मांडली आहे.

सकाळी 11. चेकचा कागद शाखेतच राहतो, पुढं जातं ते त्याचं चित्र. पूर्वी चेक गठ्ठ्यानं जायचे. त्यामुळं "आज टाका, उद्या सकाळी भरतो" हे चालून जायचं. 4 ऑक्टोबर 2025 पासून ठरलेल्या वेळेत येईल तसा चेक पुढं जातो आणि शेतकऱ्याच्या बँकेला त्याच दिवशी सायंकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. मधली एक रात्र गेली. लहान माणसाचा मोठा आधार होती ती.

दुपारी 1. सोयाबीन आडतीवर विकलेलं आहे. पट्टी हातात, पण पैसे आठवड्यानं. शेतकरी रानात आहे, सदरा बाभळीला अडकवलेला, खिशात मोबाइल. मेसेज येऊन पडतो.

सायंकाळी 7 च्या आत. शेरा पडतो: पुरेशी शिल्लक नाही. चेक वटला नाही. बँक दंड कापून घेते.

आणि इथंच बहुतेकांची गफलत होते. कुणी समजतो, आता पोलीस येणार. कुणी समजतो, काहीच होत नाही. दोन्ही खोटं. परक्राम्य संलेख अधिनियमातलं कलम 138, जे 1 एप्रिल 1989 पासून लागू आहे, नुसता चेक परत आल्यानं पूर्ण होत नाही. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत दुकानदारानं लेखी नोटीस पाठवायची आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. दिले, तर गुन्हाच घडत नाही. पंधरा दिवस म्हणजे 360 तास.

360 तास शिल्लक. पोस्टमन दारात. घरातून निरोप येतो, "ते गावाला गेलेत म्हणून सांगा." पाकीट परत जातं आणि घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण बरोबर पत्त्यावर रजिस्टर टपालानं पाठवलेली नोटीस पोचली असंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये हे स्पष्ट केलं. तास सुरू झालेत, फक्त घरच्यांना माहीत नाही.

200 तास. अजून उत्तर देता येतं. उधारीतली काही रक्कम आधीच फेडली असेल आणि तरी चेक पूर्ण आकड्याचा लावला असेल, तर तसं लिहून कळवावं, पावत्या जोडाव्यात. अशा चेकवर 138 लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

100 तास. "पान तर कोरंच होतं" या आधारावर शेतकरी गप्प आहे. हा आधार कच्चा आहे. आपणहून सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरला तरी देणं होतं असंच न्यायालय धरून चालतं, 2019 च्या निकालानं ते पक्कं झालं. गोव्यातल्या 6 लाखांच्या चेकच्या खटल्यातही आरोपीचं म्हणणं हेच होतं: समोरच्याला कर्ज मिळावं म्हणून कोरा चेक दिला. उच्च न्यायालयानं त्याला सोडलं. 25 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली आणि साडेसात लाख रुपये दरमहा 50 हजारांच्या 15 हप्त्यांत भरायला लावले. नोटिशीला उत्तर दिलं नाही, हेही त्याच्या विरोधात गेलं.

24 तास. आडतीचे पैसे कदाचित जमाही झालेत. दुकानदाराकडं जायची लाज वाटते, म्हणून कुणी जात नाही. माझ्या मते इथं पैशापेक्षा ही लाजच माणसाला बुडवते.

0. पंधरावा दिवस रात्री 12 वाजता संपतो. आता गुन्हा पूर्ण. दुकानदाराला तक्रार करायला एक महिना आहे.

यापुढं मोजणी तारखांची. खटला दुकानदाराचं खातं ज्या शाखेत आहे तिथं चालतो. खातं नांदेडला असेल तर दर तारखेला लोह्यावरून एस.टी., म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. 2019 अखेर देशात असे 35.16 लाख खटले पडून होते. निकालाआधीच रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागितली जाऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तडजोड तेव्हाही होते. गोव्याच्या त्याच निकालानुसार बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी रक्कम दिली तर वर काही भरावं लागत नाही. त्यानंतर, पण निकालाआधी, 5 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात आणि दिल्लीपर्यंत गेलं तर 10.