‘पूर्वापार’ म्हणजे केव्हापासून?

दरवर्षी २५ डिसेंबर रोजी आमच्या पिंपरी-चिंचवड परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे नाताळची मिस्सा आटोपून घरी परतत असतात, तेव्हा जवळच्याच देहूरोडच्या बुद्धविहाराकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांची रीघ लागलेली असते. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेही याच तारखेला. ती होळी सर्वांच्या स्मरणात आहे. महाडच्या पाण्याचा अखेरचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचे नाव मात्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

रॉबर्ट स्टोनहाऊस ब्रूमफिल्ड हे मुंबई इलाख्यातील इंग्रज न्यायाधीश. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला त्यांनी गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची साधी कैद सुनावली. सरकारला पुढे ही मुदत कमी करता आली, तर आपल्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, असेही ते त्या वेळी म्हणाले. येथे पिलाताची आठवण कुणालाही व्हावी. परंतु पिलाताने हात धुतले, ब्रूमफिल्ड यांनी धुतले नाहीत. गांधीजी आमच्या शेजारच्या येरवड्याला आले. पुढे बारडोलीच्या सारावाढीची चौकशीही मॅक्सवेल यांच्यासह ब्रूमफिल्ड यांनीच केली आणि सुमारे बावीस टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

आता महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी ते पाणी प्याले. सवर्णांनी एकशेआठ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि १२ डिसेंबरला काही सवर्णांनी दावा लावला. अस्पृश्यांनी तळ्यास शिवू नये, अशी पूर्वापार वहिवाट आहे, हे त्यांचे म्हणणे. दावा महाडला १९३१ साली व अपील ठाण्याला १९३३ साली फेटाळले गेले. मग प्रकरण उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे आले. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी!

अस्पृश्यता हे पाप आहे, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की ही वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे, याला पुरावा काय? तळ्याभोवती सवर्णांची घरे. तेथे जाण्याचा प्रसंगच अस्पृश्यांवर पूर्वी येत नसणार. कोणी गेले नाही, एवढ्यावरून त्यांना हक्काने अडवले जात होते, असे सिद्ध होत नाही. शिवाय तळे नगरपालिकेचे; तेव्हा वादींना मनाई मागण्याचा अधिकारच कोठून येणार? अशी वहिवाट अन्याय्य ठरेल काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने बाजूस ठेवला. तो त्यांनी घ्यावयास हवा होता, असे आम्हांस वाटते. तथापि ‘पूर्वापार’ या शब्दाला पुरावा मागणे, हीही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आमच्यापुरतेही हे खरे आहे. आमच्या उमेदीच्या काळात एका खेड्यातील चर्चमध्ये दोन वस्त्यांचे लोक वेगवेगळ्या बाजूंना बसत. कारण विचारले, तेव्हा तेथील वडीलधाऱ्यांनी हाच शब्द उच्चारला. आम्ही पुढे काही विचारले नाही. मिस्सा उरकून परतलो. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, ते वाचताना ते बाक आमच्या डोळ्यांपुढे आले.

उच्च न्यायालयाने बाजूस ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने दिले. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणजे चवदार तळ्याच्या दाव्यातील प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर.