सामाईक भिंतीची घरे

इंग्लंडमधील गिरणगावांची चित्रे पाहताना आमची नजर प्रथम खिळते ती एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या घरांवर. दोन घरांत एकच भिंत, वर वेल्समधून आणलेल्या पाटीच्या दगडाचे छप्पर आणि उंबरठ्याशी रस्ता. ही रांग कंटाळवाणी भासेल. परंतु तिच्यामागे उजेडासाठी झालेला दीर्घ झगडा आहे, हे आपण विसरू नये.

आरंभी मजुरांची घरे पाठीला पाठ लावून बांधली जात. तीन बाजू बंद. वारा येई तो पुढूनच. विटेवर कर होता, तो १८५० साली उठला. खिडकीवरही कर होता, तो १८५१ साली. पटकीच्या साथींनी राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक संस्थांना बांधकामाचे नियम करण्याचा अधिकार दिला. मग घरामागे परसू आले, परसात शौचकूप आले, मागे गल्ली आली, पुढचा रस्ता रुंदावला. लीड्समध्ये मात्र पाठीला पाठ लावलेली घरे १९३७ पर्यंत बांधली जातच होती.

विसाव्या शतकात अशी असंख्य घरे गलिच्छ वस्ती ठरवून पाडण्यात आली. लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागातील उरलेल्या रहिवाशांनी मात्र ओसाड घरांपुढे झाडे लावली आणि २०११ साली आपला भूमी-न्यास स्थापला. तेथील घरांच्या पुनरुज्जीवनासाठी ‘असेम्बल’ या गटाला २०१५ चे टर्नर पारितोषिक लाभले.

कायद्याने या घरांना उजेड दिला. ती राखली शेजाऱ्यांनी. सामाईक भिंत दोन कुटुंबांना वेगळे करते, तशीच ती दोघांचे छप्परही तोलते, एवढे आम्ही त्यांपासून शिकतो.