तंतुकाचे घर आणि श्रीशैलाची वाट

उन्हाळ्यात मुलाबाळांसह डोंगरावर जावयाचे ही चाल आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा एक सर्वसाधारण समज आहे. महाबळेश्वरापुरते पाहिले तर तो बराचसा खराही आहे. कृष्णेच्या उगमावरील ते क्षेत्र पुरातन. परंतु मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ साली तेथे गेला, पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदल करून ती जागा कंपनीने घेतली, आणि तेथपासून 'थंड हवेचे ठिकाण' हा शब्द आपल्या भाषेत रूढ होत गेला. पण घरच्या सर्वांनी मिळून शिदोरी बांधावी, वाटेत मुक्काम करीत करीत डोंगर गाठावा आणि परतून शेजाऱ्यांस हकीकत सांगावी, ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. तिचा एक वृत्तान्त तर गाणगापूरच्याच एका घराचा आहे. गुरुचरित्राच्या नित्य वाचकांच्या दृष्टीखालून तो अनेकदा गेला असेल. मात्र आपण तो चमत्कार म्हणून वाचतो, प्रवास म्हणून वाचीत नाही.

चव्वेचाळिसाव्या अध्यायातील तंतुकाची ही कथा. तंतुक म्हणजे विणकर, कोष्टी. दिवसाचा मोठा भाग मागावर घालवून उरलेल्या वेळात तो श्रीगुरूंच्या मठाचे अंगण झाडीत असे. महाशिवरात्र जवळ आली तेव्हा त्याचे आईबाप व भाऊबंद श्रीशैल्याच्या यात्रेस निघाले. त्यांनी त्यालाही चल म्हटले. आपले श्रीशैल्य येथेच आहे, असे सांगून तो मागे राहिला. शिवरात्रीच्या दिवशी भीमा-अमरजा संगमावर श्रीगुरूंनी त्याला पादुका धरून डोळे मिटावयास सांगितले. उघडून पाहतो तो पाताळगंगेचा तीर! तेथे घरची माणसे भेटली. आम्हांला चुकवून मागून आलास का, असे त्यांनी विचारले. आजच आणि क्षणात आलो, हे त्याचे म्हणणे कोणालाच पटेना. दर्शन घेऊन तो श्रीगुरूंसह तसाच संगमावर परतला. गावातही हसेच झाले. पुढे यात्रा पायी परत आली आणि घरच्यांनीच त्याला तेथे पाहिल्याचे सांगितले, तेव्हा कोठे गावाचे तोंड बंद झाले.

आता या कथेतील पायी गेलेल्या मंडळींकडे पाहा. ग्रंथकर्त्या सरस्वती गंगाधरांनी त्यांच्या वाटेविषयी विस्तार केलेला नाही. त्या काळी ती सर्वांस ठाऊक होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास गाणगापूर बहामनी राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरास गेलेली होती. श्रीशैल्य पडले कृष्णेच्या दक्षिण तीरी, विजयनगरच्या बाजूस. कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या रायचूर दुआबासाठी ही दोन राज्ये पिढ्यान् पिढ्या लढत होती. कोष्ट्याचे कुटुंब म्हणजे दोन वैरी राज्यांची सीमा ओलांडून देवाला निघालेले कुटुंब होते. आणि कथेत त्या सीमेचा शब्दही नाही. इतिहासकारांनी युद्धांच्या तारखा लिहिल्या त्या योग्यच, पण त्याच वर्षांतून म्हातारी माणसे कावड-गाठोडी घेऊन आरपार जात-येत होती, याची नोंद मात्र पोथीने केली.

वाट दाखवावयास नदीही होती. गाणगापूरच्या घाटाखालून जाणारे भीमेचे पाणी रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते, पुढे तुंगभद्रा येते, आणि तेच पाणी नल्लमलच्या दऱ्यांत शिरून श्रीशैल्याच्या पायथ्याशी पाताळगंगा होते. श्रीगुरूही शेवटी याच दिशेने गेले. बहुधान्य संवत्सरी, शके १३८० च्या माघात, म्हणजे १४५९ च्या आरंभी, गाणगापूर सोडून ते श्रीशैल्यास आले आणि पाताळगंगेत पुष्पांच्या आसनावर बसून निजस्थानी गेले, अशी परंपरा आहे. चार फुले प्रसाद म्हणून शिष्यांकडे परत आली. ज्या घाटावर कोष्ट्याचे घर स्नानास उतरले होते, तोच हा घाट.

तो घाट बांधीव होता, आणि बांधणाऱ्यांची नावेही आपणांस ठाऊक आहेत. कोंडवीडूच्या रेड्डी घराण्याचा मूळपुरुष प्रोलय वेमा याने चौदाव्या शतकात अहोबळ व श्रीशैल्य या दोन्ही डोंगरांस पायऱ्या केल्या. विजयनगरचा दुसरा हरिहर याची राणी विठ्ठलांबा हिने त्याच शतकाच्या अखेरीस पाताळगंगेकडे उतरणाऱ्या पायऱ्या बांधविल्या. (कानडी राणीचे हे नाव मराठी कानास किती घरचे वाटते!) रेड्ड्यांपैकीच अनवेमाने तेथे वीरशिरोमंडप उभारला. देवापुढे आपले शिर अर्पण करणाऱ्या वीरशैव भक्तांची ती जागा. हे ठाऊक असले म्हणजे सभासदाच्या बखरीतील एका प्रसंगाचा उलगडा होतो. १६७७ साली भागानगरास कुतुबशहाची भेट घेऊन कर्नाटकाकडे जाताना शिवाजी महाराज श्रीशैल्यास गेले, आणि तेथे शिरकमल वाहण्यास सिद्ध झाले असता भवानीने त्यांना आवरले, असे सभासद लिहितो. हा केवळ क्षणिक आवेग म्हणून सांगितला जातो. त्या डोंगरावर तशी एक रूढ परंपराच होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

पायऱ्या राजांनी बांधल्या, पण अरण्यातून वाट काढून देणारे लोक दुसरेच होते. नल्लमलचे मूळ रहिवासी चेंचू. मल्लिकार्जुनाला ते आपला जावई मानतात; चेंचू मल्लय्या हे त्याचे त्यांच्यातील नाव. यात्रेकरूंना घेऊन जाणे, त्यांची राखण करणे आणि त्याबद्दल काही घेणे हा त्यांचा जुना व्यवहार. गुरुचरित्रात श्रीशैल्यावर तंतुकाला जी माहात्म्यकथा ऐकविली आहे, ती किरात देशाच्या विमर्षण राजाची आहे. किरात म्हणजे वनात राहणारा. माझ्या मते ही निवड सहज झालेली नाही. ज्यांच्या रानातून कुटुंब चालत आले, त्यांच्याच नावाची कथा शिखरावर सांगितली गेली.

पुढील चारशे वर्षांत वाट फारशी बदलली नाही. कॅप्टन कॉलिन मॅकेंझी १७९४ मध्ये तेथे गेला व त्याने देवालयाच्या तटावरील शिल्पांचे वर्णन छापले. १८७१ मध्ये मुंबईकडील लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा यांवरून रायचुरास पोहोचला, आणि 'गाणगापूर रोड' हे स्टेशन कोकण-गोमंतकाच्या दत्तभक्तांच्या तोंडी झाले. श्रीशैल्यास मात्र आगगाडी गेली नाही ती नाहीच. आत्मकूरहून नागलूटी, तेथून पेद्दचेरुवू, मग भीमुनिकोलनूची खोल दरी उतरून पुन्हा चढ, ही पायवाट राहिली. कर्नाटकातील सहस्रावधी लोक आजही उगादीच्या सुमारास, ऐन चैत्राच्या उन्हात, ती चालतात. भ्रमरांबा ही त्यांना आपल्या घरची लेक; तिला साडीचोळी घेऊन जावयाचे असते. थंड हवेसाठी जाणाऱ्याची मात्र येथे निराशा होईल. श्रीशैल्याची उंची जेमतेम साडेचारशे मीटर, आणि चैत्रवैशाखात दगड तापून पाय ठेववत नाही.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात धरणाचे काम निघाले, घाटरस्ते झाले, आणि मोटारी वर गेल्या. आता कलबुर्गीहून महबूबनगर, मन्ननूरमार्गे एक घर एका दिवसात श्रीशैल्यास पोहोचते. मोटारीने केलेली यात्रा ती यात्राच नव्हे, असे म्हणणारे वडीलधारे मला भेटले आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, तंतुकाहून त्वरेने श्रीशैल्यास कोण गेले? पोथीने वेगास कधीच दोष दिलेला नाही. मागाचे काम आणि अंगणाची झाडलोट सोडून ज्याला निघता येत नव्हते, त्याचीच यात्रा तिने नोंदविली, ही ध्यानात घ्यावयाची बाब आहे.

धरणाची किंमतही थोडी नव्हती. जलाशयात गावेच्या गावे बुडाली. कृष्णा-तुंगभद्रा संगमावरील कूडली संगमेश्वराचे देवालय दगड दगड सोडवून अलमपुरास नेले. मुच्चुमर्रीजवळचे दुसरे संगमेश्वर तेथेच राहिले. सात नद्यांचा संगम म्हणून त्याची ख्याती, आणि त्या सातांत आपली भीमाही मोजतात. वर्षातील बराच काळ ते पाण्याखाली असते व उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते. सुट्टीत त्या बाजूने जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून ते अवश्य पाहावे.

श्रीशैल्याच्या अलीकडे साक्षी गणपती आहे. हाती लेखणी व वही घेऊन तो येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवतो, अशी श्रद्धा आहे; म्हणून घरातील प्रत्येकाचे नाव-गोत्र तेथे सांगावयाचे. तंतुकाला ही साक्ष मिळाली असती तर गावाचे हसे पंधरवडाभर सोसावे लागले नसते! पुढे शिखरेश्वर लागते. नंदीच्या शिंगांतून मल्लिकार्जुनाचे शिखर दिसले की पुनर्जन्म नाही असे म्हणतात, आणि लहान मुले टाचा उंचावून पाहण्यासाठी रांग लावतात.

जाणाऱ्यांनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. हे अरण्य आता व्याघ्रप्रकल्प आहे. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत मन्ननूरच्या नाक्यावर वाहने अडवितात, आणि उशीर झालेल्या कुटुंबास ती रात्र नाक्याच्या अलीकडेच काढावी लागते.