कॅमेऱ्याच्या फ्लेक्सची कुळकथा

सीताबर्डीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार नेहमीची: ‘कॅमेरा उघडला की नुसतं काळंच दिसतं.’ कारागीर मागचं झाकण काढतो, कॅमेऱ्याची फ्लेक्स, म्हणजे तांब्याच्या बारीक रेघांची लवचिक पट्टी, कनेक्टरवरून उचलतो, साफ करतो आणि दाबून बसवतो. या पट्टीतून चित्र नेण्याची आजची रीत 2005 सालची.

त्याआधी चित्र समांतर तारांनी जायचं. 2000 साली जपानमध्ये आलेल्या शार्पच्या जे-एसएच04 या फोनचा कॅमेरा जेमतेम 1 लाख 10 हजार पिक्सेलचा होता. अशा काळात 8 किंवा 10 तारा एकाच ठोक्यावर एकेक बिट द्यायच्या. शिवाय ठोक्याची, ओळीची आणि फ्रेमची अशा आणखी तीन. पिक्सेल वाढले तसा ठोका जलद झाला आणि लेझीम द्रुत लयीत गेली की एखाद्याचं पाऊल चुकावं तसे बिट मागेपुढे पोचू लागले. घडीच्या फोनमध्ये तर बिजागरीतून इतक्या तारा वळवणंच अवघड. आणि पिक्सेल वाढले की भार किती वाढतो ते पाहा: 12 मेगापिक्सेल, पिक्सेलला 10 बिट, सेकंदाला 30 फ्रेम. हिशेब सेकंदाला 360 कोटी बिटांचा होतो.

तारांची ही अडचण सोडवायला नोकिया आणि एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांनी ‘सीसीपी2’ आणलं: दोन जोड्या, फक्त चार तारा. 2003 साली या दोघांसह एआरएम, इंटेल, सॅमसंग आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांनी ‘मिपी’ ही संघटना उभी केली. तिचं ‘सीएसआय-2’, म्हणजेच आजची रीत, 2005 साली आलं.

त्यात बिट एकामागून एक धावतात, तेही जोडीच्या तारांवरून. एकीचा दाब चढला की दुसरीचा उतरतो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत गळतो. म्हणून सुमारे 0.2 व्होल्टच्या चढउतारावर काम भागतं, वीजही वाचते.

चित्राची प्रत्येक ओळ एका पॅकेटात जाते. पुढे 4 बाइटचं शीर्ष: माल कुठला, किती बाइट, आणि चूक दुरुस्त करणारा कोड. शेवटी 2 बाइटचा पडताळा. 10 बिटांचे चार पिक्सेल 5 बाइटांत नेमके बसवतात, जागा वाया जात नाही. सेन्सरला हुकूम मात्र वेगळ्या, संथ दोन तारांवरून जातात. म्हणून त्या तारा तुटल्या तर फोनला कॅमेरा सापडतच नाही. डेटाची जोडी तुटली तर कॅमेरा सापडतो, पण चित्र येत नाही.

या रीतीचं आयुष्य वाढलं ते पॅकेट आणि तारा वेगळ्या ठेवल्यामुळे. पुढे तीन-तीन तारांचं ‘सी-फाय’ आलं, 2020 साली मोटारींसाठी 15 मीटरपर्यंत पोचणारं ‘ए-फाय’ आलं. पॅकेट मात्र सीएसआय-2 चंच. त्यामुळे मोटारीच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी नवी भाषा घडवावी लागत नाही, फक्त तार आणि तिच्यावरून बिट नेण्याची पद्धत बदलते.