कोफ्ता आणि गोळा

राजापेठेतल्या भोजनालयात ‘मलई कोफ्ता’ मागवणाऱ्याच्या मनात तुर्कस्तान येत नाही. तरीही तेथील ‘कोफ्ते’ आणि आपला ‘कोफ्ता’ ही एकाच शब्दाची दोन रूपे. फारसी ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे; ‘कोफ्ता’ म्हणजे कुटलेले. मराठी ‘कुटणे’शी त्याचे ध्वनिसाम्य मोहक असले तरी व्युत्पत्ती एक नव्हे. महत्त्वाचे हे की, या नावात मांस नाही, केवळ क्रिया आहे. म्हणूनच दुधीचा कोफ्ता शब्दाशी बेइमानी करत नाही. तुर्कस्तानातही मसूर आणि गव्हाच्या बारीक दलियाचे कोफ्ते होतात.

मांसाचे कोफ्तेही तेथे एकटे वाढले जात नाहीत. इस्तंबूलमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या कोफ्त्यांसोबत पांढऱ्या घेवड्याची कांदा घातलेली कोशिंबीर आणि पाव असतो. या कोशिंबिरीचे नाव ‘पियाझ’; मूळ फारसीत त्याचा अर्थ कांदा. आपल्या ‘दोप्याजा’तला प्याज तोच. इझमीरकडे मात्र कोफ्ते बटाट्यासह टोमॅटोच्या रश्शात शिजवतात.

वऱ्हाडाच्या उत्तरेस, सातपुड्यापलीकडे मांडूच्या दरबारात १५०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘निअमतनामा’ या फारसी पाकग्रंथात कोफ्त्याच्या कृती आहेत. त्याच काळात अचलपुरास इमादशाहीची राजधानी होती (१४९०–१५७४). पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. दरबार आणि दप्तर यांची भाषा फारसी असलेल्या या प्रदेशात फारसी शब्द परके राहणे शक्यच नव्हते. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरच्या हिंदू कुळातला, बालपणी युद्धात पकडला गेलेला. तेव्हा ‘बाहेरचे’ कोण, हा प्रश्न राज्यकर्त्यांविषयीच सोपा नाही. पदार्थांविषयी तो कसा असेल?

वऱ्हाडी स्वयंपाकघरात ‘कोफ्ता’ हा शब्द फारसा रुळला नाही. ‘गोळा’ मात्र पूर्वीपासून आहे. हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि तेलाचे मोहन घालून वळलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफवले की गोळाभात होतो. सावजी रश्शातले खिम्याचे गोळेही याच आकाराचे. परंतु एवढ्यावरून गोळ्याला कोफ्त्याचा वंशज ठरवणे हा उतावळेपणा होईल. भरडणे, कुटणे आणि मुठीत वळणे या गोष्टी माणसाला कोणत्याही दरबाराने शिकवाव्या लागत नाहीत. शब्द प्रवास करतात. कृती अनेकदा जागच्या जागी जन्मतात. पदार्थावर मालकी सांगणारे आणि त्याला परका ठरवणारे, दोघेही नावाच्या इतिहासालाच पदार्थाचा इतिहास समजतात.

पदार्थाची खरी ओळख त्याच्या वाढपात असते. गोळाभात पानात आला की गोळा हाताने फोडून भातात कुस्करायचा, वर हिंग-मोहरी आणि लाल मिरचीची कढत फोडणी सढळपणे ओतायची आणि सोबत कढी घ्यायची. त्या फोडणीत वऱ्हाड आहे, जसे त्या कांद्याच्या कोशिंबिरीत इस्तंबूल.