खिडकीतला हिरवा दिवा



'दलित पँथर' हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं गेलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिथल्या कृष्णवर्णीय बायका मात्र आणखी एक लढाई लढत आल्या, उंबरठ्याच्या आतली. आज तिच्याविषयी थोडं लिहिते.

घरात मार खाणाऱ्या त्या बाईनं जायचं कुणाकडे? पोलिसांना बोलवावं, तर ते वस्तीतल्या पुरुषांशी कसे वागतात हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मार थांबावा एवढंच तिला हवं असतं. नवऱ्याला गोळी लागावी असं नव्हे. आणि चारचौघांत बोलावं, तर आपलीच माणसं म्हणणार, "आधीच आपला समाज बदनाम, त्यात घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगतेस?"

कायद्याच्या प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ सालच्या लेखात एक अनुभव दिला आहे. लॉस एंजलिस पोलिसांकडे त्यांनी घरगुती हिंसाचाराची भागवार आकडेवारी मागितली, ती मिळाली नाही. कारण काय सांगितलं गेलं? स्त्रियांसाठी काम करणाऱ्यांना धास्ती, की 'हा फक्त अल्पसंख्याकांचा प्रश्न' म्हणून लोक हात झटकतील. अल्पसंख्याक समाजाच्या प्रतिनिधींना धास्ती, की आपल्यावर हिंसक म्हणून शिक्का बसेल. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं. पण मधल्यामध्ये मार खाणारी बाई दिसेनाशी झाली!

मग या बायकांनी आपली वाट आपणच काढली. १९७४ साली बॉस्टनमध्ये 'कम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह' हा गट उभा राहिला. कम्बाही ही दक्षिण कॅरोलायनातली नदी. तिथे १८६३ साली हॅरिएट टबमन यांच्या पुढाकारानं सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले, म्हणून हे नाव.

१९७९ साली जानेवारी ते मे या काळात बॉस्टनमध्ये बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. निषेधसभेत पुरुष वक्त्यांचा सल्ला असा, की बायकांनी घरात राहावं, पुरुषांनी त्यांचं रक्षण करावं. पण जिला घरातच धोका, तिनं काय करायचं? या गटातल्या बार्बरा स्मिथ आणि त्यांच्या मैत्रिणींनी एक पत्रक काढलं. केवळ काळ्या म्हणून नव्हे, तर बाया म्हणूनही या मारल्या गेल्या, असं त्यात ठणकावून सांगितलं. शीर्षकात आकडा होता सहाचा. खून वाढत गेले तसा तो खोडून पुढचा घालावा लागला.

त्याच सुमारास डॉर्चेस्टर भागात शेजाऱ्यांनी एक साधी सोय केली. ठरावीक घरांच्या खिडकीत हिरवा दिवा लावायचा. संकटातल्या बाईनं तो पाहून खुशाल दार ठोठवायचं.

१९९४ साली अमेरिकेत स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध मोठा केंद्रीय कायदा झाला. त्यानं बळ मिळालं, पण भर पोलीस आणि अटकेवर राहिला. म्हणून २००० साली 'इन्साइट' ही संघटना निघाली. घरातला मार आणि पोलिसांचा मार, दोन्हींविरुद्ध एकदम बोलायचं, हे तिचं धोरण. शिकागोत टिलेट भगिनींनी २००३ साली सुरू केलेली संस्था कृष्णवर्णीय मुलींना कलेच्या माध्यमातून हिंसेविषयी बोलायला शिकवते.

शेजारी नेहमीच बाईच्या बाजूनं उभे राहतात असं नाही. कित्येकदा तेच तिला 'सोसून घे' म्हणतात. त्यामुळे कायदा हवाच. पण कायदा यायला वेळ लागतो, शेजारचं दार चार पावलांवर असतं. मध्यरात्री पलीकडच्या घरातून रडणं ऐकू आलं, तर आपण दिवा लावतो की मालवतो?

तुम्हांला काय वाटतं, जरूर लिहा.